पाण्यातून गाडी काढली, आता काळजी करायची का?

पावसाळ्यात आमच्या सांगलीतल्या गॅरेजचा फोन सकाळी शटर उघडायच्या आधीच वाजायला लागतो. बोलणं बहुतेक वेळा एकाच धर्तीचं असतं. "काल संध्याकाळी शामरावनगरातून गाडी काढली, बंपरला पाणी लागत होतं. गाडी घरी आली, चालू पण आहे, पण रात्रभर डोळा लागला नाही. इंजिनात पाणी गेलं असेल का?"

आम्ही उलट एकच विचारतो. पाण्यात असताना इंजिन बंद पडलं होतं का? नसेल पडलं, तर निम्म्याहून जास्त काळजी तिथंच सोडून द्या. इंजिन मोडण्याइतकं पाणी आत गेलं असतं तर ते पाण्यातच ठप्प झालं असतं, गाडी घरापर्यंत आलीच नसती. गाडी नीट चालू असताना "इंजिन खोलून बघायला लागेल" असं कुणी सांगितलं, तर खोलायच्या आधी आणखी एका मेकॅनिकला विचारा. तो आमचाच असला पाहिजे असं नाही.

बंद पडली असेल, तर मात्र पुढचा भाग नीट वाचा.

सेल्फ मारू नका

इंजिन तोंडानं हवा घेतं. ते तोंड बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली पुढच्या बाजूला, हेडलाइटच्या आसपास असतं. तिथून हवेऐवजी पाणी ओढलं गेलं की ते फिल्टरमधून थेट सिलिंडरमध्ये जातं. हवा दाबली तर दबते, पाणी दबत नाही. पिस्टन वर यायला बघतो, पाणी जागा देत नाही, आणि पिस्टनखालचा कनेक्टिंग रॉड वाकतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात.

किती पाणी पुरतं? बाराशे सीसीच्या चार सिलिंडरवाल्या पेट्रोल गाडीत एका सिलिंडरच्या वाट्याला 300 सीसी येतात. पिस्टन पूर्ण वर गेल्यावर त्याच्या डोक्यावर जेमतेम 33 सीसी जागा उरते, म्हणजे मोठे दोन चमचे. डिझेल इंजिन हवा जास्त दाबतं, त्यामुळे तिथं जागा आणखी कमी, 20 सीसीच्या आसपास. टपरीवरच्या कटिंग चहाच्या अर्ध्या ग्लासात इंजिनाचं काम होतं, ते असं.

पाणी ओढून इंजिन बंद पडतं तेव्हा गाडी बहुधा सावकाश चाललेली असते, आणि पुष्कळदा रॉड अजून सरळच असतो. तो वाकतो पुढच्या दोन मिनिटांत. मागून हॉर्न वाजत असतात, पाणी दारातून आत येत असतं, माणूस घाबरून किल्ली फिरवतो. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा "खट्" असा आवाज येतो आणि सगळं थांबतं. धक्का मारून गिअरमध्ये टाकणं हेही तेच. आमच्याकडे आलेल्या वाकलेल्या रॉडच्या गाड्यांत किल्लीनं वाकलेले जास्त, पाण्यानं वाकलेले कमी.

म्हणून गाडी बंद पडली की किल्ली काढून घ्या, न्यूट्रल करा, चार माणसं बोलावून कोरड्यावर ढकला आणि टो करून आणा. जमत असेल तर बॅटरीची मायनस वायर सोडा. गाडी ऑटोमॅटिक असेल तर पुढची चाकं फिरवत ओढू नका, क्रेनवर उचलूनच आणा.

गॅरेजमध्ये पुढचं काम असं चालतं. पेट्रोल असेल तर प्लग काढायचे, डिझेल असेल तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर. मग पान्यानं इंजिन हातानं फिरवायचं, पाणी भोकांतून बाहेर उडतं. एअर फिल्टर, हवेचा पाइप, टर्बो असेल तर इंटरकूलर, सगळं कोरडं करायचं. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचा, कधी कधी लागोपाठ दोनदा. त्यानंतरच स्टार्ट, आणि मग प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे हवा किती दाबली जाते ते, तपासायचं. हे शेवटचं काम टाळू देऊ नका. किंचित वाकलेला रॉड महिनाभर गुमान चालतो आणि एखाद्या दिवशी हायवेवर तुटून ब्लॉकला भोक पाडतो.

गाडी लवकर आणा. सिलिंडरमध्ये राहिलेलं पाणी दोन-चार दिवसांत गंज धरतं, मग नुसतं कोरडं करून भागत नाही.

गाडी चालू आहे, तरी एवढं बघा

सकाळी, इंजिन थंड असताना, सपाट जागेवर डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, किंवा पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली, तर स्टार्ट न करता फोन करा. ऑइलच्या झाकणाला आतून थोडा पांढरट फेस दिसला आणि डिपस्टिक स्वच्छ आहे, तर घाबरू नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाड्यांत तो एरवीही दिसतो.

मग एअर फिल्टरचा डबा उघडा. क्लिपा हातानं निघतात. फिल्टर ओला किंवा चिखलानं माखलेला असेल तर पाणी इंजिनाच्या दारापर्यंत येऊन परत गेलं म्हणायचं. फिल्टर बदला, डबा पुसून घ्या.

ब्रेक ओले असताना लागत नाहीत. पाण्यातून बाहेर आल्यावर हळू चालवत ब्रेक दोन-चारदा हलका दाबला की डिस्क कोरडी होते. मागच्या ड्रमचं तसं नाही, त्यात गाळ बसतो, आणि आपल्या कृष्णेची मळी पिठासारखी बारीक, ती कुठंही शिरते. त्या रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, सकाळी लायनर ड्रमला चिकटलेले सापडतील. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली दगड लावा.

पाणी चाकाच्या मध्याच्या वर होतं आणि गाडी त्यात काही वेळ उभी राहिली, तर गिअर ऑइलही बघून घ्या. गरम गिअरबॉक्स थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या बारीक भोकातून) किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. बोलेरो, पिकअप अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत मागच्या डिफरन्शियललाही (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याला) हेच होतं. द्राक्षबागेतून किंवा ओढ्याच्या फरशीवरून रोज जाणाऱ्या गाड्यांचं ते ऑइल पावसाळा संपला की एकदा बदलाच.

चाकाचं बेअरिंग लगेच बोलत नाही. ग्रीसमध्ये पाणी गेलं की महिन्या-दोन महिन्यांनी साठच्या वेगाला घरघर सुरू होते. तेव्हा या पाण्याची आठवणही राहिलेली नसते.

गालिचाखाली

दारातून आत पाणी आलं असेल तर इंजिनापेक्षा आम्हाला याची जास्त काळजी वाटते. वरून गालिचा दोन दिवसांत वाळल्यासारखा दिसतो. खालचा जाड थर मात्र स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो, आठवडेच्या आठवडे. तळहातानं जोरात दाबून बघा, किंवा वर्तमानपत्र ठेवून त्यावर उभे राहा. रोज सकाळी काचा आतून धुरकट होत असतील तर पाणी अजून आहे.

याच थराखालून वायरिंग जातं. एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स बहुतेक गाड्यांत गिअर लिव्हरच्या खाली, जमिनीलगत असतो. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅग आणि सीटबेल्टचे असतात, त्यांना घरी हात लावू नका. सीट काढून गालिचा उचलणं, तळाची रबरी बुचं काढून पाणी सोडणं, पंख्यानं वाळवणं, यात दीड-दोन दिवस जातात. नुसता सुगंधी स्प्रे मारून देणारेही आहेत. तो वास दिवाळीपर्यंत टिकत नाही.

पुरात उभी बुडालेली गाडी

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैत 55 च्या आसपास. इथं इशारा पातळी 40 आणि धोका पातळी 45 फूट. गावभागात, कोल्हापूर रोडला पार्किंगमधल्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या होत्या. लोकांना खरं वाटत नाही, पण बंद उभी बुडालेल्या गाडीचं इंजिन पुष्कळदा वाचतं, कारण कुणी ते फिरवलेलं नसतं. जातं ते वायरिंग, सेन्सर आणि सीट. पाणी ओसरल्यावर "बघू चालू होतेय का" म्हणून किल्ली फिरवू नका. बॅटरीची वायर तर आधी सोडाच.

पूर येऊन गेला की बाहेरगावी स्वस्तात गाड्या विकायला निघतात. सेकंडहँड घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर गाळाची रेघ कुणी धूत नाही.

इलेक्ट्रिक गाडीला हवेचं तोंड नसतं, त्यामुळे हायड्रोलॉकचा प्रश्न नाही. पण ती बुडाली असेल तर नारंगी केबलींना हात न लावता कंपनीच्या सर्व्हिसलाच कळवा. ते काम आम्ही करत नाही.

विमा

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पाण्याच्या नुकसानीचं काही मिळत नाही. ज्याला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो त्यात पूर येतो. पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायला गेल्यामुळे इंजिन गेलं, असं सर्व्हेअरनं लिहिलं तर इंजिनाचा खर्च बहुधा नाकारला जातो. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर असतं, तेही अटी वाचून घ्यावं. पॉलिसीचं नूतनीकरण मे महिन्यात येत असेल तर तेव्हाच विचारा.

पाण्यात असतानाचे आणि बाहेर काढल्यावरचे फोटो काढा, पाण्याची रेघ दिसेल असे. कंपनीला लगेच कळवा. सर्व्हेअर बघून जाईपर्यंत आम्ही इंजिन खोलत नाही, घाई केलीत तरी. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) 75 टक्क्यांवर गेला तर कंपनी गाडी टोटल लॉस धरते.

आणि जायचंच असेल तर

अर्ध्या चाकापेक्षा जास्त पाणी असेल तर मागं फिरा. वाहत्या पाण्यात एक फूटसुद्धा जास्त, लहान गाडी तेवढ्यात सरकते. साचलेल्या पाण्यात एसी बंद, पहिला गिअर, एकाच संथ वेगानं, मध्ये न थांबता. पुढची गाडी बाहेर पडल्याशिवाय आत शिरू नका. समोरून एसटी येत असेल तर तिला आधी जाऊ द्या, बऱ्याच गाड्यांच्या इंजिनात पाणी जातं ते तिच्या लाटेनं.

जून ते सप्टेंबर डिपस्टिक, एअर फिल्टर आणि गालिचा बघून द्यायचे आम्ही पैसे घेत नाही, दहा मिनिटांचं काम आहे. शक्यतो सकाळी या, गाडी रात्रभर उभी असलेली बरी. टो करून आणत असाल तर निघतानाच फोन करा, रॅम्प मोकळा करून ठेवतो.