मोटारसायकलचे डुलणे व थरथरणे : दोषनिदान

चालती मोटारसायकल सरळ न राहणे, हँडल आपोआप हलणे, गाडी एका बाजूला ओढणे, वळणावर मागचा भाग डुलणे या तक्रारींचे मूळ शोधण्याची पद्धत. खानदेशातल्या गॅरेजांत या सगळ्यांना मिळून ‘वाबलिंग’ हा एकच शब्द चालतो. अहिराणी बोलणारे गिऱ्हाईक मात्र जास्त नेमके सांगते : ‘गाडी डुलस’ किंवा ‘एक बाजूले वढस’. हे दोन वेगळे आजार आहेत, आणि फिटरने पाना हातात घेण्याआधी कोणता ते ठरवायला हवे.

तत्त्व : हँडल ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष तिरपा असतो. त्याची रेघ जमिनीपर्यंत वाढवली तर पुढचा टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे पडते. या अंतराला ट्रेल म्हणतात. रोजच्या वापराच्या गाड्यांत ते साधारण ८० ते ११० मिमी असते. त्यामुळे दवाखान्यातल्या स्ट्रेचरच्या फिरत्या चाकाप्रमाणे पुढचे चाक मागे खेचले जाते आणि सरळ होऊ पाहते. सरळ होताना ते किंचित पलीकडे जाते, पुन्हा परत येते. सगळे सांधे घट्ट आणि हवा बरोबर असली की हे हेलकावे लगेच विरतात; कुठे ढिलाई असली की वाढत जातात. १९७१ मध्ये संशोधक रॉबिन शार्प यांनी गणिताने दाखवले की दुचाकीच्या अस्थिरतेचे तीन प्रकार आहेत. पहिला, फक्त हँडल आणि पुढचे चाक सेकंदाला सुमारे ४ ते १० वेळा थरथरणे. दुसरा, अख्खी गाडी, विशेषतः मागचा भाग, सेकंदाला २ ते ४ वेळा सापासारखा डुलणे. हा जास्त वेगाला येतो. तिसरा, गाडी हळूहळू एका अंगाला कलत जाणे. हे स्वार नकळत सावरून घेतो.

विचारपूस : कोणत्या वेगाला होते? अ‍ॅक्सिलरेटर सोडताना, की देताना? एकट्याने, की डबलसीट? पंक्चर काढल्यावर, टायर किंवा चेन बदलल्यावर सुरू झाले का? गाडी पडली होती का? या पाच प्रश्नांत निम्मे निदान होते. ताशी ६०-७० वरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, हँडलवर हात सैल पडले आणि ४०-५० च्या आसपास हँडल थरथरू लागले, तर पुढचा टायर आणि कोनसेट (छर्रे आणि वाट्यांचा तो सांधा, ज्यावर हँडल फिरते) पाहावा. चालण्याच्या वेगाला गाडी नागमोडी जात असेल तर कोनसेट उलट फार आवळलेला असण्याची शक्यता मोठी.

कोनसेट : वाबलिंग म्हटले की कोनसेट आवळून द्यायचा, ही सर्वात रुजलेली आणि सर्वात नुकसान करणारी सवय आहे. आवळल्याने थरथर दबते, म्हणून गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पण खरा दोष झिजलेल्या टायरचा असेल तर तो तसाच राहतो आणि छर्रे वाट्यांत रुतून खड्डे पाडतात. तपासणी साधी आहे. गाडी डबल स्टँडवर घ्यावी, एकाने मागून दाबून पुढचे चाक उचलून धरावे. दुसऱ्याने शॉकअपच्या खालच्या टोकांना धरून पुढे-मागे ओढावे; ‘टक’ असा झटका हाताला लागला तर कोनसेट ढिला. मग हँडल दोन बोटांनी हळूच एका टोकाकडून दुसऱ्याकडे न्यावे. बरोबर मधोमध ते किंचित अडकून बसत असेल, तर वाट्यांत खड्डे पडलेले आहेत. असा कोनसेट कितीही सेट केला तरी उपयोग नाही, बदलावाच लागतो. सरळ रस्त्यावर चाक त्या खड्ड्यात बसते आणि स्वाराला दर क्षणी ते बाहेर काढावे लागते. लांबच्या प्रवासात मनगटे दुखतात ती यानेही.

टायर आणि हवा : शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत पुढे सुमारे २५ पीएसआय, मागे एकट्यासाठी २८ आणि डबलसीट ३२ ते ४१ इतकी हवा सांगितलेली असते, नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतो. खानदेशातल्या उन्हाळ्यात इथे हमखास चूक होते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि तापमान १० अंशांनी वाढले की टायरचा दाब एक-दीड पीएसआयने वाढतो. दुपारी तापल्या टायरची हवा मोजून ‘जास्त झाली’ म्हणून सोडली, की दुसऱ्या सकाळी टायर बसका असतो आणि गाडी डुलते. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजावी.

टायर नीट बसला आहे का, हे पंक्चरनंतर आवर्जून पाहावे. रिमलगत टायरवर एक बारीक रेघ उमटवलेली असते. चाक सावकाश फिरवताना ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी ती रिमखाली दडत असेल तर टायर तिथे चढलेलाच नाही. रिमची आऊट, म्हणजे फिरताना आडवे डुलणे, त्याच वेळी कळते : चिमट्याला (मागचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याला) खडू टेकवून धरला की रिम कुठे बाहेर येते ते खडूच सांगतो. २ मिमीपेक्षा जास्त आऊट चालत नाही. पावसाळ्यात आणखी एक साधी गोष्ट. काळ्या मातीचा चिखल अ‍ॅलॉय चाकाच्या आतल्या कडेला बसतो, रात्रीत वाळून दगड होतो, आणि सकाळी गाडी ५० च्या पुढे थरथरते. खुरपे घेऊन तो ढेकूळ काढला की आजार संपतो. त्यासाठी गॅरेज लागत नाही.

मागची बाजू : मागून डुलत असेल तर डबल स्टँडवर मागचे चाक आडवे हलवावे, आणि दुसऱ्याने चिमट्याच्या बुशवर (चिमटा चेसिसला जोडतो त्या सांध्यातल्या नळीवर) बोट ठेवावे. हालचाल बोटाला लागली तर बुश गेला. हबपाशीच राहिली तर व्हील बेअरिंग. चेन ताणताना दोन्ही ॲडजस्टर सारखे न फिरवल्यास चाक तिरपे बसते. चिमट्यावरच्या खुणांवर पूर्ण भरवसा ठेवू नये, त्या ठोकताना थोड्या पुढे-मागे झालेल्या असतात. खरे माप सुतळीचे : मागच्या टायरच्या मागून दोर घेऊन दोन्ही अंगांनी जमिनीलगत पुढे ताणायचा. मागच्या टायरच्या दोन्ही कडांना तो जेमतेम टेकला असता पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना सारखी फट दिसली पाहिजे. चाके सरळ असूनही हँडल वाकडे दिसत असेल, तर पडल्यामुळे पुढच्या शॉकअपला पीळ बसला आहे.

ओझे : दूधवाल्यांच्या गाड्यांत दोष अनेकदा गाडीचा नसतोच. ४० लिटरचे दोन कॅन म्हणजे नुसते दूधच ८० किलोंच्या वर, आणि तेही मागच्या एक्सलच्या मागे टांगलेले. पुढचे चाक हलके होते, हँडलची पकड जाते. अर्धे भरलेले कॅन तर आणखी वाईट, कारण आतले दूध हेलकावते. रात्री हेडलाइटचा झोत झाडांच्या शेंड्यांवर पडत असेल, तर मागचे शॉकअप ओझ्याने बसले आहेत असे समजावे. ओझे पुढे व खाली आणावे, मागच्या शॉकअपची स्प्रिंग कडक करणारी खाच वाढवावी. चाऱ्याचे भारे, केळीचे घड यांनाही हेच लागू.

वारा : साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या उगाच नव्हे. पावसाळ्यात तिथे गाडी वाऱ्यावर रेलूनच चालवावी लागते. जाताना डावीकडे आणि त्याच रस्त्याने येताना उजवीकडे ओढत असेल तर तो वारा; दोन्ही वेळा डावीकडेच ओढत असेल तर रस्त्याचा उतार किंवा गाडीतला दोष. रिकाम्या रस्त्याच्या मध्यावर घेतल्यावर ओढ थांबली तर उतार. हात सोडून ही परीक्षा करू नये. सुरत-नागपूर महामार्गावर तर मुळीच नाही.

धावत्या गाडीचे हँडल थरथरू लागले तर त्याच्याशी झोंबून ते जबरदस्तीने रोखू पाहिल्याने हेलकावा वाढू शकतो, आणि पुढचा ब्रेक करकचून दाबणे घातक ठरते. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरावी, अंग पुढे झुकवावे, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू कमी करावा.

दुरुस्तीची चाचणी : एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि त्याच रस्त्यावर, तेवढीच हवा, तेवढेच ओझे ठेवून वेग टप्प्याटप्प्याने वाढवत पाहावे. टायर, कोनसेट आणि बुश एकदम बदलले तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. नवा कोनसेट काहीशे किलोमीटर चालल्यावर आपल्या जागी बसतो आणि थोडा ढिला होतो, म्हणून पाचशे किलोमीटरच्या आत तो पुन्हा तपासावा लागतो.