आधी इस्ट्रोजेन, मग प्रोजेस्टेरॉन: गर्भाशयातली प्रथिने कोण ठरवते?

संप्रेरके रक्तातून सगळीकडे फिरतात, मग गर्भाशयच त्यांना इतका जोरदार प्रतिसाद का देते? शिकागो विद्यापीठात शास्त्रज्ञ एल्वुड जेन्सेन यांनी किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेले इस्ट्राडायोल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) उंदरांच्या वयात न आलेल्या माद्यांना टोचले. रक्तातून आणि स्नायूंतून ते लवकर ओसरले. गर्भाशयात मात्र ते कित्येक तास, रासायनिक बदल न होता टिकले. त्याला धरून ठेवणारे प्रथिन म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर.

इस्ट्राडायोल जोडले गेले की रिसेप्टरला रोखून धरणारी प्रथिने सुटतात. दोन रिसेप्टर जोडीने डीएनएवरच्या ठरावीक जागी बसतात. या जागेचा आदर्श नमुना अवघ्या १३ अक्षरांचा असतो. तिथे साहाय्यक प्रथिने गोळा होतात, जनुकाची आरएनए प्रत निघते आणि ती वाचून रायबोसोम प्रथिन घडवतात. म्हणजे संप्रेरक स्वतः काही बांधत नाही. आरएनए बनणे रोखणारे अ‍ॅक्टिनोमायसिन किंवा रायबोसोमचे काम तोडणारे प्युरोमायसिन दिले, तर इस्ट्रोजेन असूनही नवी प्रथिने तयार होत नाहीत.

उंदरात पहिली नवी प्रथिने तासाभरात दिसू लागतात. साधारण सहा तासांत गर्भाशय पाणी ओढून फुगते. पेशीविभाजनाला मात्र जवळपास एक दिवस लागतो. नुसते वजन वाढले म्हणजे वाढ झाली, असे म्हणूनच समजू नये. आधी मोजले तर ते बरेचसे पाणीच असते.

इस्ट्रोजेनमुळे तयार होणाऱ्या प्रथिनांपैकी एक फार मोलाचे: प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर. त्याची पुरेशी संख्या नसेल तर प्रोजेस्टेरॉनचा प्रतिसाद तोकडा पडतो. उलट प्रोजेस्टेरॉन आले की ते इस्ट्रोजेनचे रिसेप्टर कमी करते, शिवाय इस्ट्राडायोलचे सौम्य इस्ट्रोनमध्ये रूपांतर करणारे विकर (एन्झाइम) वाढवते. अस्तराची वाढ थांबते, ग्रंथी स्रवू लागतात आणि गर्भ रुजण्याच्या तयारीत अस्तराच्या पेशी प्रोलॅक्टिनसुद्धा बनवतात. हे संप्रेरक फक्त मेंदूखालच्या ग्रंथीतूनच येते, असा समज अजूनही आढळतो.

बीजमोचन (अंडाशयातून बीज बाहेर पडणे) झाले नाही, तर पुरेसे प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही आणि हा लगाम लागत नाही. महिनोन्‌महिने असे चालले तर अस्तर जाड होते, अनियमित रक्तस्राव होतो आणि कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणूनच रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घेणाऱ्या, गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रियांना सोबत प्रोजेस्टेरॉनसदृश औषध देतात. चक्राकार पद्धतीत महिन्याला साधारण १२ ते १४ दिवस.

स्तनाच्या कर्करोगावरचे औषध टॅमॉक्सिफेन, त्याची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. स्तनात ते इस्ट्रोजेनला अडवते, पण गर्भाशयाच्या अस्तरात इस्ट्रोजेनसारखे वागते, कारण रिसेप्टर तोच असला तरी साहाय्यक प्रथिनांचा संच वेगळा असतो. हे औषध चालू असताना रजोनिवृत्तीनंतर थोडाही रक्तस्राव झाला, तर लगेच तपासणी करायला हवी.