उताऱ्याचा दशांश

गळीत हंगामात पुण्याच्या शिवाजीनगरमधल्या साखर संकुलावर शेतकऱ्यांचा मोर्चा आला की बोलणं हमखास उताऱ्यावर येतं. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, तो उतारा. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, क्विंटलमागे ३४० रुपये होती आणि त्यापुढच्या दर ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये जादा. एका दशांशात टनामागे ३३ रुपये!

पूर्वी पोती मोजली की उतारा निघायचा. आता काही साखर रसातून, बी-हेवी मळीतून (जिच्यात बरीच साखर शिल्लक असते) इथेनॉलकडे जाते, पोत्यात येतच नाही. तिचा हिशेब प्रयोगशाळेनेच द्यायचा.

तो मिळतो प्रकाशाकडून. साखरेच्या द्रावणातून ध्रुवित, म्हणजे एकाच पातळीत कंप पावणारा, प्रकाश गेला की त्याची पातळी उजवीकडे वळते. साखर जितकी जास्त, तितकी जास्त वळते. पोलॅरिमीटर हे वळणं मोजतो आणि आकड्याला कारखान्यात म्हणतात ‘पोल’. पण शंभर पोल म्हणजे नेमकी किती साखर? एकोणिसाव्या शतकात जर्मन माप २६ ग्रॅमच्या आसपास होतं, फ्रेंच माप १६ ग्रॅमच्या. व्यापारात भांडणं व्हायचीच. १८९७ मध्ये हॅम्बुर्गला साखर-पृथक्करणाच्या समान पद्धतींसाठी आंतरराष्ट्रीय आयोग उभा राहिला, तोच ‘इकुम्सा’. त्यातून रुळलेलं माप असं: २६ ग्रॅम साखर, १०० मिलिलिटर द्रावण, २०० मिलिमीटरची नळी, तापमान २० अंश.

यातले २० अंश युरोपला सोपे. मार्चमधल्या दुपारी पुणे जिल्ह्यातल्या कारखान्यात ते आणायचे तर खोली गार ठेवा, नाहीतर दुरुस्ती करा. ती एकाने केली, दुसऱ्याने नाही, की दशांश हललाच.

मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट असो वा कारखान्याची छोटी लॅब, पद्धत एक हवी ती यासाठी. तरी प्रकाशालाही चकवा बसतो. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की ल्युकोनॉस्टॉक नावाचे जिवाणू त्यातल्या साखरेचं डेक्स्ट्रान करतात. हा चिकट पदार्थ प्रकाशाला साखरेच्या जवळजवळ तिप्पट वळवतो, तोही उजवीकडेच. म्हणजे शिळ्या उसाचा पोल कागदावर फुगतो आणि रस आटवायच्या पॅनमध्ये साखरेचा दाणा मात्र नीट धरत नाही. अशा वेळी नियमाप्रमाणे काटेकोर मोजणाऱ्या दोन लॅबचे आकडे तंतोतंत जुळतील, आणि दोन्ही चुकलेले असतील. म्हणून शिळ्या उसाच्या रसात डेक्स्ट्रान वेगळं तपासावं लागतं.