रानकंदाच्या क्रीममध्ये प्रोजेस्टेरॉन नसतं

मावशीने पर्समधून ट्यूब काढून माझ्या हातात ठेवली. "यात नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन आहे गं, ती रात्रीची गोळी बंद केली मी." मागची बारीक अक्षरं उजेडात धरून वाचली. पाणी, मेण, डायोस्कोरिया व्हिलोसा या रानकंदाचा अर्क. प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनचं नावच नाही.

डायोस्कोरिया म्हणजे यॅम, आपल्या कोनफळाच्या नि कारंद्याच्या कुळातला कंद. या गैरसमजाला आधार आहे, पण अर्धा. 1940च्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या रानटी यॅममधल्या डायोसजेनिन या द्रव्यापासून प्रोजेस्टेरॉन तयार केलं. पण ते प्रयोगशाळेत, एकामागून एक रासायनिक प्रक्रिया करून. हे बदल घडवणारी एन्झाइम्स आपल्या शरीरात नाहीतच. कंद खा नाहीतर त्वचेला चोळा, त्याचं प्रोजेस्टेरॉन होत नाही. मेथीतही डायोसजेनिन असतं, तिचंही तेच.

आणि डॉक्टर देतात ते मायक्रोनाइज्ड, म्हणजे अगदी बारीक कण केलेलं, प्रोजेस्टेरॉन? तेही बहुधा वनस्पतीतल्या द्रव्यापासूनच बनवलेलं, आणि त्याचा रेणू अंडाशयात तयार होतो अगदी तसाच.

मला खरी धास्ती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. पाळी गेल्यावर मावशीला इस्ट्रोजेन हे दुसरं हॉर्मोन सुरू केलंय, आणि तिचं गर्भाशय काढलेलं नाही. नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, कर्करोगाचा धोका वाढतो. तो आवरायला प्रोजेस्टेरॉन देतात. तिने बंद केलेली गोळी नेमकी तीच होती. त्याच संध्याकाळी तिच्या डॉक्टरांना फोन लावला.