पातेऱ्यातला एक चौरस मीटर

तिसरी-चौथीच्या मुलांना रानात तीन किलोमीटर चालवलं, तर घरी गेल्यावर त्यांना आठवतो तो डबा आणि दिसलंच तर माकड. त्यापेक्षा त्यांना एक मीटर लांब, एक मीटर रुंद पातेरा, म्हणजे झाडाखालचा पाचोळा, आखून द्यावा. तासभर तेवढा पुरतो.

शाळा सहल काढते डिसेंबरात. तोवर वरचा पाचोळा सुकतो आणि प्राणी ओलीमागोमाग मातीत उतरतात. शिवाय गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये माकडतापाचे रुग्ण सापडले होते. तो पसरवणाऱ्या गोचिडीची खसखशीएवढी पिल्लं नोव्हेंबर ते मे या काळातच पाचोळ्यात जास्त असतात. म्हणून सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. तेव्हा पातेरा पातळ असतो, पण ओला असतो. जागा म्हणून कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, उत्तम. अभयारण्यातून काही उचलता येत नाही, आणि देवराईतून गाव उचलू देत नाही.

चौकोनाला चार मीटर सुतळी, चार काटक्या, जुनं पांढरं धोतर, भिंग आणि चित्रकलेचे दोन ब्रश लागतात. एका चौकोनाला पाचच मुलं. दहा बसवली की निम्मा पातेरा पायाखालीच चिरडतो. आधी मोठ्या माणसाने लांब काठीने पाचोळा उलथावा, कारण फुरसं हा विषारी साप वाळक्या पानाच्याच रंगाचा असतो. मुलांना बूट, आणि पँट मोज्यात खोचलेली.

मग वरून खाली, एकेक थर धोतरावर. वरचं पान अख्खं असतं. गोव्याचा राज्यवृक्ष मट्टी, म्हणजे ऐन. त्याचं पान मिळालं तर उलटं करावं. देठाजवळ मधल्या शिरेवर बारीक गाठी दिसतात, त्या ग्रंथी. खालचं पान तपकिरी, भोकं पडलेलं, त्यावर बुरशीचे पांढरे धागे. त्याखाली नुसती शिरांची जाळी, कारण शिरांमधलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, फोडणं बुरशीखेरीज फार थोड्यांना जमतं. एकाच झाडाची पानं या क्रमाने मांडली की कुजणं शिकवावं लागत नाही. (पठारावरच्या ऑस्ट्रेलियन बाभळीखाली हा खेळ रंगत नाही. तिचं ‘पान’ हा चपटा झालेला देठ असतो, आणि तो लवकर कुजत नाही.)

वळवळणारं काही दिसलं की पाय मोजायचे. पैसा नावाच्या किड्याला (वाणीला) बहुतेक वळ्यांवर पायांच्या दोन जोड्या, गोमेला एकच. गोम चावते. पैसा चावत नाही, पण त्याचा स्राव डोळ्यात गेला तर झोंबतो. म्हणून दोन्ही ब्रशनेच हलवायचे.

डोळ्यांना सहज न दिसणारे जीव वर्गात काढता येतात. इटलीच्या बर्लेसे यांनी १९०५ मध्ये गरम पाण्याने तापवलेलं नसराळं वापरलं, स्वीडनच्या टुलग्रेन यांनी १९१८ मध्ये त्यावर दिवा आणला. आपल्याला दोन लिटरची बाटली कापून पुरते: तोंडाकडचा भाग उलटा, आत दोन-तीन मिलिमीटरची जाळी, तिच्यावर चार बोटं सैल पातेरा, तळाशी ओला कागद. वर वीतभर अंतरावर चाळीस वॅटचा जुना पिवळा बल्ब. एलईडी लावला तर फारसं काही उतरत नाही, कारण मुख्य काम करते ती ऊब. बल्ब फार जवळ असेल तर जीव वाटेतच सुकतात. पातेरा दाबून भरला तर वाट बंद. रात्रभराने ओल्या कागदावर पांढरे ठिपके उड्या मारू लागतात: स्प्रिंगटेल, पोटाखालचा दुमडलेला काटा झटकून उडणारे. मोजून झाले की कागदासकट त्याच झाडाखाली सोडायचे, ऊन चढायच्या आत.