कोंबडीचं वय मोजायचं तर आधी अंडी मोजा

आमच्याकडे एक लाल गावठी कोंबडी आहे, सातवं वर्ष चालू आहे तिचं. परवा शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं ही अजून आहे? कोंबडी इतकी जगते कुठे? मला हसूच आलं. बरोबर आहे म्हणा, आपण कोंबडीला म्हातारी होऊ देतोच कुठे.

गावठी कोंबडी नीट सांभाळली, मुंगूस-मांजरापासून वाचली, तर पाच ते आठ वर्षं आरामात काढते. आणि चिकनच्या दुकानातली ब्रॉयलर? तिचं वय असतं 35 ते 42 दिवस. दोन किलोची झालेली असली तरी ती पिल्लूच असते, आवाज ऐका कधी, अजून चिवचिवच करते. मांस इतक्या झपाट्याने वाढतं की हृदय आणि पाय मागे पडतात, म्हणून ब्रॉयलर पाळीव म्हणून ठेवली तरी सहसा फार वर्षं टिकत नाही.

अंड्यांसाठीच्या लेअर कोंबड्यांची गोष्ट अजून वेगळी. कोंबडीची मूळ जात म्हणजे लाल रानकोंबडी, ती वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, तीही पिल्लांसाठी. आपली गावठी साठ-सत्तर घालते, गिरिराज ही सुधारित जात सव्वाशे-दीडशेपर्यंत जाते, आणि लेअर जवळजवळ तीनशे! आता हिशोब करा, एका कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे वर्षाला 600 ग्रॅम, आणि कोंबडीच्या सगळ्या हाडांत मिळून असतं जेमतेम वीसेक ग्रॅम. म्हणजे स्वतःच्या सांगाड्याच्या तीसपट चुना ती वर्षभरात बाहेर टाकते. खाण्यातून पुरला नाही की हाडातून काढते, मग हाडं ठिसूळ होतात, मोडतात. फार्मवर 72-80 आठवड्यांनी अंडी कमी झाली की तिला काढूनच टाकतात.

गावठी मात्र मधेच खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते. आई वैतागायची, "झाली परत खुडूक!", पण मला वाटतं तीच तिची सुट्टी. प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं, अंडी थांबतात, ती फुगून एका जागी बसते आणि शरीराला जरा दम मिळतो. लेगहॉर्नसारख्या जातींतून ही सवय माणसाने निवड करून करून जवळपास घालवलीच आहे.

आता काळजीचं. कवच बनायला वीसेक तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्री, कोंबडी खुराड्यात झोपलेली असताना. म्हणून शिंपल्यांचा चुरा संध्याकाळी द्यायचा, आणि अगदी पीठ नाही, जाडसर, म्हणजे रात्रभर पोटात हळूहळू विरघळतो. वेगळ्या वाटीत ठेवा, जिला पाहिजे ती खाते. पण लहान पिल्लांना लेअरचं खाद्य घालू नका हां, जास्तीच्या कॅल्शियमने त्यांची किडनी जाते, आमची तीन पिल्लं अशीच गेली, तेव्हा कळलं.

मे महिन्यात कवच पातळ आलं तर लगेच खाद्याला दोष देऊ नका. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कवच तर कॅल्शियम कार्बोनेटचंच असतं, मग कार्बोनेट आणायचं कुठून? सावली आणि गार पाणी, दिवसातून दोनदा बदललेलं, एवढ्यानेही फरक पडतो.

लसीचं मात्र टाळू नका. मानमोडी, म्हणजे राणीखेत, खुराड्यात शिरली की दोन-चार दिवसांत सगळं रिकामं होतं, त्यावर औषध नाही. पहिल्या आठवड्यात लासोटा लस, मग साधारण आठव्या आठवड्यात आरटूबी ही दुसरी लस, तारखा जनावरांच्या दवाखान्यात विचारून घ्या. आणि कोपऱ्यात राख-मातीचा ढीग ठेवा, अंगावरच्या उवा-गोचीड घालवायला कोंबड्या स्वतःच त्यात लोळतात.

आमची लाल आता महिन्याला दोन-तीन अंडी घालते. खुडूक मात्र अजून वेळेवर होते.