गावाबाहेरचं हॉस्पिस आणि सोबतीच्या अटीचा वाद

वर्धा नदीकाठच्या या गावात शिवारालगत मोजक्या खाटांचं हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या माणसाचे शेवटचे दिवस सांभाळणारं घर, उभं राहिलं, तेव्हा ‘हे शहरातलं खूळ’ म्हणणारे होतेच. विदर्भाला मात्र अशी घरं नवी नव्हती. वर्ध्याजवळचं दत्तपूर १९३६चं, वरोऱ्याचं आनंदवन १९४९चं. पण ती कुष्ठरुग्णांची; तिथे बरी झालेली माणसं शेतीला, कामाला लागली. इथे येणारा माणूस बरा होऊन जाणार नव्हता. देशातलं पहिलं हॉस्पिस १९८६मध्ये मुंबईत, वांद्र्याला सुरू झालं. पण शेवटच्या आठवड्यांत आठशे किलोमीटरवर जाणार कोण?

गरज वाढवली ती खर्ऱ्याने, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने, आणि त्यातून होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरने. नागपूरला शेक (रेडिएशन) देऊन झाले, गाठ परत आली, की ‘आता घरी न्या, सेवा करा’ एवढं सांगून माणूस गावी परतायचा. गालाला आरपार भोक, जखमेत अळ्या, वासामुळे नातवंडं जवळ येत नाहीत, नाकातली नळी निघाली की पुन्हा तालुक्याला धाव. मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड जखमेवर टाकली तर वास बराच कमी होतो, हेही कुणी सांगितलेलं नसायचं.

वेदनेचं औषध तर त्याहून दूर होतं. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यानंतर मॉर्फिन ठेवायला वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागत. एक येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. २०१४च्या दुरुस्तीने आणि पुढच्या वर्षीच्या नियमांनी हे बदललं. मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरेशी झाली. हा बदल झाला नसता तर इथे खाटा असत्या, पण दर चार तासांची गोळी नसती.

खरा वाद पेटला तो एका अटीवरून. सुरुवातीच्या नियमात होतं : घरचं एक माणूस चोवीस तास सोबत हवं, नाहीतर प्रवेश नाही. सरकारी दवाखान्याची सवय तशीच उचलली होती. विश्वस्तांपैकी काहींचं म्हणणं, अट काढली तर लोक म्हाताऱ्यांना आणून सोडतील, पुन्हा फिरकणार नाहीत. मयत न्यायलाही कुणी येणार नाही. ही भीती अगदीच निराधार नव्हती. पण अटीचा फटका बसला तो सर्वांत गरीब घरांना. दिवाळीच्या आसपास कापसाची वेचणी लागते, मजुरी किलोवर मिळते. सून पऱ्हाटीत (कापसाच्या शेतात) गेली नाही तर त्या दिवशी चूल कशावर पेटणार? जिचा नवरा आधीच गेलेला आणि मुलगा पुण्याला कंपनीत, त्या बाईने सोबत आणायची कुठून? ज्यांच्यासाठी हे घर बांधलं, तीच माणसं दारातून परत जात होती, आणि तरीही नियम बदलायला दोन हंगाम लागले.

केरळचं उदाहरण दोन्ही बाजूंनी दिलं गेलं. तिथे शेजारीपाजारीच रुग्णाच्या घरी जातात, मग खाटा हव्यात कशाला, असं एक मत. पण कोरडवाहू गावात हंगामात शेजारीही शेतातच असतात. हंगामात गावच रिकामं पडतं, म्हणून तर खाटा लागतात.

शेवटी अट गेली. तिच्या जागी दोन गोष्टी आल्या : घरच्यांनी आठवड्यातून एकदा तरी यायचं, आणि मयत गावी नेण्याची जबाबदारी प्रवेशाच्या वेळीच लिहून द्यायची. रात्रपाळी गावातल्या बाया पाळीपाळीने करू लागल्या, आधी फुकट, नंतर मानधनावर. मानधन सुरू करायलाही विरोध झाला, सेवेचे पैसे कसले म्हणून. हा विरोध करणाऱ्यांत रात्रपाळी करणारं कुणीच नव्हतं.

लकवा झालेल्यांना घ्यायचं की फक्त कॅन्सरच्याच रुग्णांना, यावर सध्या बैठका चालू आहेत. कॅन्सरचा रुग्ण काही आठवडे राहतो, लकव्याचा वर्षानुवर्षं राहू शकतो, आणि खाटा तेवढ्याच आहेत.